आधी कोणते शब्द?

१९२०च्या दशकात ढाक्यातल्या शाळकरी मुलांच्या हातात इंग्रजीची जी वाचनपुस्तके असत, त्यांत बेटाला ‘आयलंड’ न म्हणता ‘आइल’ म्हटलेले असे, ‘बिफोर’च्या जागी ‘एअर’ येई आणि माणसाच्या अवस्थेला ‘स्टेट’ऐवजी ‘प्लाइट’. खुद्द इंग्लंडात हे शब्द रोजच्या बोलण्यातून केव्हाच गेले होते किंवा क्वचित कुठे उरले होते. बंगालची मुले मात्र ते घोकत होती. घोकून पुढच्या पानावर जावे, तर तिथे आणखी नव्या शब्दांचा लोंढा. आणि कालचा शब्द पुन्हा भेटेल तर शपथ.

ही पुस्तके मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणाधिकाऱ्याने बारकाईने तपासली. पहिल्या महायुद्धाच्या थोडे आधी तो इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये दाखल झाला आणि पुढे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. मुले मंद आहेत, शिक्षक कच्चे आहेत, असे नेहमीचे निदान करून तो थांबला नाही. पानावर एकूण शब्द किती, त्यांत नवे किती आणि प्रत्येक नवा शब्द पुढे किती वेळा परत येतो, हे त्याने मोजायला घेतले. दोष पुस्तकांच्या रचनेतच सापडला. मग त्याने स्वतः वाचनमाला लिहिल्या. जुनाट शब्द काढून चालू शब्द घातले, नवे शब्द अंतराअंतराने पेरले आणि आलेला शब्द पुढच्या मजकुरात वारंवार येईल अशी व्यवस्था केली. द्विभाषिकतेवरचा त्याचा अहवाल १९२६ साली भारत सरकारने प्रसिद्ध केला.

त्या अहवालातला एक विचार आजही अंतर्मुख करतो. शाळेत दाखल झालेली बरीच मुले चार-दोन वर्षांतच शाळा सोडत. वेस्टने विमा व्यवसायातला ‘सरेंडर व्हॅल्यू’ हा शब्द उचलून विचारले, की पॉलिसी मध्येच सोडली तर हातात काय पडते? दहा वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला इंग्रजी येईल, हे ठीक. पण तिसऱ्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलाला त्या तीन वर्षांचे काय मिळाले? त्यामुळे पहिल्या वर्षी शिकलेले शब्द पहिल्याच वर्षी उपयोगी पडले पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. स्पर्धा परीक्षेची शब्दयादी घेऊन बसणाऱ्या आजच्या मराठी तरुणानेही स्वतःला हाच प्रश्न विचारायला हवा. शब्दसंग्रह वाढवायचा म्हणजे कोणते शब्द, आणि कोणत्या क्रमाने?

क्रम महत्त्वाचा ठरतो, कारण भाषेत सगळ्या शब्दांचा वापर सारखा होत नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने १९६१ सालच्या छापील मजकुरातून सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह केला. त्यात एकटा ‘द’ जवळपास सात टक्के जागा व्यापून होता आणि ‘ऑफ’ साडेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दर दहा शब्दांतला एक या दोघांपैकी. उलट बाजूला असे हजारो शब्द होते, जे त्या साऱ्या पसाऱ्यात एकदाच आले. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची १९८९ची आवृत्ती वीस खंडांची आहे. पण रोजच्या मजकुराचा फार मोठा भाग दोन-तीन हजार शब्दांतच फिरत राहतो.

हे दोन हजार शब्द कोणते, याची यादी वेस्टनेच १९५३ साली ‘अ जनरल सर्व्हिस लिस्ट ऑफ इंग्लिश वर्ड्‌स’ या नावाने प्रसिद्ध केली. तिची खुबी अशी, की शब्द किती वेळा येतो एवढ्यावर ती थांबत नाही. एका शब्दाचे पाच अर्थ असतील तर त्यांतला कोणता किती टक्के वेळा येतो, हेही ती सांगते. त्याआधी १९३५ साली वेस्टने परभाषिकांसाठी एक कोश केला होता. त्यात सुमारे २४ हजार नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत समजावलेले होते. नेमके आणि थोडे शब्द हाताशी असले की उरलेली भाषा त्यांच्या आधाराने उलगडता येते, हे त्याने प्रत्यक्ष करून दाखवले.

मजकुरातले किती टक्के शब्द ओळखीचे असले की तो समजतो, हे थोडे उलगडून पाहिले पाहिजे, कारण इथेच अनेकांची फसगत होते. लेखी इंग्रजीतले ऐंशी टक्के शब्द ओळखीचे झाले म्हणजे गड सर झाला, असे वाटते. पण तीनशे शब्दांच्या पानावर ऐंशी टक्के म्हणजे साठ शब्द अनोळखी. दर पाचव्या शब्दाला ठेच. पंचाण्णव टक्क्यांवर गेले तरी पानात पंधरा शब्द अडतात. अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर सहा उरतात, आणि तेवढ्यांचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून ताडता येतो. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेल्या हिशेबानुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्र अठ्ठ्याण्णव टक्के समजायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात. बोलणे समजायला सहा-सात हजार. शब्दकुटुंब म्हणजे ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ अशी एकाच मुळाची मंडळी एकत्र धरायची.

आठ हजार हा आकडा दडपण आणणारा आहे खरा. पण त्यातल्या पहिल्या दोन हजारांचे मोल आणि शेवटच्या दोन हजारांचे मोल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले पक्के नसताना शेवटच्यांमागे लागणाऱ्याचे श्रम वाया जातात.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये २०००पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीत भेटे. तरी मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावी विज्ञानात बसलेल्या मुलीला जून-जुलैत जो धक्का बसतो, तो अजून टळलेला नाही. हा धक्का ‘फोटोसिंथेसिस’ किंवा ‘ॲक्सलरेशन’चा आहे, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात हे शब्द तिला फारसे अडवत नाहीत. ते ठळक टाइपात छापलेले असतात, त्यांची व्याख्या पुस्तकात दिलेली असते, शिक्षक त्यावर तास घेतात आणि प्रकाशसंश्लेषण, त्वरण या कल्पना तिला आधीपासून ठाऊक असतात. ती अडते ती ‘व्हेअरॲज’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘हेन्स’ अशा शब्दांवर. त्यांची व्याख्या कुणी देत नाही. ते सगळ्यांना येतातच, असे पुस्तक धरून चालते. ‘अ आणि ब यांची किंमत रिस्पेक्टिव्हली दोन आणि पाच आहे’ या वाक्यात ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे ‘अनुक्रमे’ हे कळले नाही, तर गणित येत असूनही उत्तर चुकते.

अशा शब्दांचीही यादी झालेली आहे. न्यूझीलंडच्याच ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विज्ञान, कायदा, वाणिज्य, कला अशा शाखांच्या ग्रंथांतून ५७० शब्दकुटुंबे निवडली. ती सगळ्या शाखांत वावरतात आणि अभ्यासाच्या मजकुराचा सुमारे दहा टक्के भाग व्यापतात. ५७० म्हणजे रोज दोन घेतले तरी वर्षाच्या आत संपणारे काम. मराठी माध्यमातून महाविद्यालयात येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात दहावीच्या सुट्टीत पहिली गोष्ट कोणती पडावी, तर ही यादी, आणि तीही मराठी अर्थांसह.

हाती पडते मात्र दुसरेच काही. पुण्याचा अप्पा बळवंत चौक असो की मुंबईतल्या फाउंटनचा फुटपाथ, नॉर्मन लुइस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ तिथे हमखास दिसते. १९४९ साली अमेरिकेत निघालेले हे पुस्तक गुणी आहे. ते लॅटिन-ग्रीक मुळांपासून शब्द उलगडते आणि पानोपानी वाचकाची चाचणी घेते. पण ते लिहिले गेले इंग्रजीतच वाढलेल्या वाचकांसाठी. ‘मिसॲन्थ्रोप’, ‘मिसॉजिनिस्ट’ आणि ‘मिसॉगॅमिस्ट’ हे तिघे त्यात एकाच धड्यात येतात: अनुक्रमे माणसांचा, स्त्रियांचा आणि लग्नाचा तिटकारा असलेले. ज्याला ‘रिस्पेक्टिव्हली’ अजून अडते, त्याने हे तिघे पाठ करून काय साधणार?

शिवाय दिसायला आणि अर्थाला जवळचे शब्द एकदम शिकले की ते एकमेकांत मिसळतात. थॉमस टिंकम यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अर्थाने एका गटातले शब्द शिकायला जास्त वेळ लागला आणि परस्परांशी संबंध नसलेले शब्द लवकर आले. क्रमिक पुस्तकांत विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या, रंगांचे तक्ते, भाज्यांची नावे एकत्र देण्याची प्रथा आहे, तिच्या बरोबर उलट हा निष्कर्ष. ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ एकाच दिवशी शिकलेल्या मुलाचा पुढे कित्येक वर्षे गोंधळ का होतो, त्याचे एक कारण इथे सापडते. आधी एक पक्का करावा, आठवड्याने दुसरा आणावा.

आता शब्द लक्षात ठेवण्याविषयी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ साली स्मृतीवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. प्रयोगाचा विषय ते स्वतःच होते. अर्थ नसलेली अक्षरे पाठ करायची, मग ठराविक अंतराने तीच पुन्हा पाठ करायची आणि दुसऱ्या खेपेला श्रम किती वाचले ते मोजायचे. तासाभरातच ही बचत निम्म्याच्या खाली गेली, दिवसाने तिसऱ्या हिश्शावर आणि महिन्याने पाचव्या हिश्शावर आली. विसरण्याचा वेग सुरुवातीला प्रचंड असतो आणि मग मंदावतो. त्यांच्या आणखी एका निरीक्षणाकडे शाळांनी द्यायला हवे तेवढे लक्ष दिलेले नाही. एका दिवसात सलग ६८ वेळा म्हणून जेवढे पक्के झाले, तेवढेच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्यानेही झाले.

मराठी घरांतली शब्दार्थांची वही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, मध्ये पट्टीने आखलेली रेघ. मूल दोन्ही रकाने डोळ्यांनी वाचत खाली उतरते आणि पान संपले की ‘झालं पाठ’ म्हणून मोकळे होते. दोन्ही बाजू समोर असताना वाटणारी ही ओळख फसवी असते.

ती किती फसवी, हे जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवले. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले चाळीस शब्द इंग्रजी अर्थांसह दिले. ‘मशुआ’ म्हणजे होडी, अशा जोड्या. एकदा अचूक सांगितलेला शब्द काही गटांनी पुन्हा वाचला, पण त्यावर पुन्हा चाचणी दिली नाही. काहींनी तो पुन्हा वाचला नाही, पण चाचणी देत राहिले. त्या दिवशी सगळ्या गटांना सगळे शब्द आले. आठवड्याने मात्र चाचणी देत राहिलेल्यांना सुमारे ऐंशी टक्के शब्द आठवले आणि चाचणी थांबवलेल्यांना एक तृतीयांशाच्या आसपास. जास्तीच्या वाचनाने जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. फरक पडला तो डोक्याला ताण देऊन शब्द बाहेर काढण्याने.

तेव्हा तीच वही, तोच रकाना. फक्त उजवी बाजू तळहाताने झाकायची. मग दुसऱ्या दिवशी डावी झाकायची. एवढ्या फरकाला ना शिकवणी लागते ना पैसा. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली याला नीट व्यवस्था दिली: शब्दांच्या चिठ्ठ्या आणि पाच कप्प्यांची पेटी. बरोबर आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी वर येते. चुकलेली पुन्हा पहिल्या कप्प्यात. ‘अंकी’सारखे मोबाइलवरचे ॲप याच विचारावर चालते. चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडपडदे लावूनही ते तितकेच छान चालते.

चिठ्ठीवर काय लिहायचे, याला खरे महत्त्व आहे. कॉक्सहेड यांच्या यादीत असलेल्या कुळातला ‘रिलक्टंट’ हा शब्द घेऊ. कोशात अर्थ सापडतो ‘अनिच्छुक’ किंवा ‘नाखूश’. तेवढे लिहून ठेवले तर शब्द चिठ्ठीतच राहतो. त्याऐवजी एका बाजूला मराठी वाक्य लिहावे: ‘साक्षीदार बोलायला कां कूं करत होता.’ दुसऱ्या बाजूला त्याचे इंग्रजी: ‘द विटनेस वॉज रिलक्टंट टू स्पीक.’ आता तीन गोष्टी एका फटक्यात हाती आल्या. हा शब्द स्पष्ट नकार देणाऱ्याला लागत नाही, मनातून तयार नसलेल्याला लागतो. त्याच्यामागे ‘टू’ येते आणि मग क्रियापद. आणि ‘कां कूं करणे’ ही मराठीतली जिवंत हालचाल त्याला चिकटली, जी ‘अनिच्छुक’ या पुस्तकी शब्दाला कधीच चिकटली नसती. मागाहून ‘रिलक्टन्स’ आणि ‘रिलक्टंटली’ त्याच चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून टाकावेत. अर्थ मातृभाषेतून घेण्यात कमीपणा काहीच नाही. वाचनाच्या तासाला मुलांची भाषा वापरावी, असे खुद्द वेस्टचेही मत होते, आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर मराठी माणसाच्या कितीतरी पिढ्यांनी इंग्रजी उभे केले ते याच वाटेने.

शब्दाचे सोबती हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षिलेला भाग. मराठीत झोप गाढ असते, थंडी कडाक्याची, पाऊस मुसळधार आणि भूक कडकडून लागते. गाढ पाऊस आणि मुसळधार झोप कुणी म्हणत नाही. हे कुणी शिकवलेले नसते, ऐकून अंगवळणी पडलेले असते. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. पाऊस ‘हेवी’ आणि झोप ‘डीप’. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो म्हणून तो इंग्रजीतही ‘गिव्ह’ करतो. तिथे मात्र विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि ‘गिव्ह’ करतो तो परीक्षक. परकेपणा जाणवतो तो उच्चारापेक्षा अशा जोड्यांमधून. म्हणून सुटा शब्द कधीच टिपू नये, त्याचा सोबती धरूनच टिपावा.

छोट्या क्रियापदांचे तर स्वतंत्र राज्य आहे. मराठीत भूक लागते, ठेच लागते, वेड लागते, आग लागते, वेळ लागतो आणि पोराला नोकरीही लागते. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला ‘लागणे’ जेवढा घाम फोडते, तेवढाच ‘गेट’, ‘टेक’, ‘सेट’, ‘पुट’ हे शब्द मराठी माणसाला फोडतात. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे. दहावीपर्यंत ‘पुट’ येते असे समजणाऱ्याला त्याचा एकच चेहरा माहीत असतो. नवा अवघड शब्द शिकण्यापेक्षा ओळखीच्या शब्दाचा नवा अर्थ शिकण्यात पुष्कळदा जास्त फायदा आहे, आणि वेस्टने अर्थागणिक टक्के दिले ते यासाठीच.

मराठीत आधीच येऊन राहिलेले इंग्रजी शब्द हे मोठे भांडवल आहे, पण ते तपासून घ्यावे लागते. इथे वास्तव्य करून त्यांतल्या काहींचे अर्थ बदलले आहेत. मराठी माणूस ‘हॉटेला’त मिसळ खायला जातो, इंग्रजीत हॉटेल राहायचे, खायचे ते ‘रेस्टॉरंट’. घराची ‘गॅलरी’ तिकडे ‘बाल्कनी’ होते. निकाल वाईट लागला म्हणून मुलगा ‘नर्व्हस’ आहे असे मराठीत म्हणतात आणि त्याचा अर्थ खिन्न असा असतो. इंग्रजीत ‘नर्व्हस’ माणूस निकालाच्या आदल्या रात्री असतो, छातीत धडधड होत असलेला. ‘सिन्सिअर’ मुलगी इथे नेमाने अभ्यास करणारी, तिथे मनापासून खरे बोलणारी-वागणारी. नोकरीच्या अर्जात किंवा मुलाखतीत नेमका असाच शब्द पाय घसरवतो.

मुळे आणि उपसर्ग यांचा मार्ग संस्कृतची ओळख असलेल्या वाचकाला सोपा वाटेल. ‘हार’ला उपसर्ग लागून प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार होतात, तसेच वाहून नेण्याच्या ‘पोर्ट’पासून ‘इम्पोर्ट’, ‘एक्सपोर्ट’, ‘ट्रान्सपोर्ट’, ‘रिपोर्ट’, ‘सपोर्ट’. पण ‘आहार’ आणि ‘संहार’ यांचा अर्थ केवळ मुळावरून काढता येत नाही, तसा ‘रिपोर्ट’चाही येत नाही. मुळे आठवायला मदत करतात. अर्थ मात्र वाक्यातच तपासावा.

कोशही योग्य निवडावा. जपानमध्ये शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी तिथल्या विद्यार्थ्यांसाठी केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८पासून ऑक्सफर्डने तो जगभर नेला. लाँगमनच्या १९७८च्या कोशाने सगळे अर्थ सुमारे दोन हजार शब्दांत दिले. ती कल्पना वेस्टचीच. परभाषिकांसाठीचे असे कोश शब्दाची वारंवारता, सोबती आणि उदाहरणाचे वाक्य देतात, आणि ते आता फोनवर फुकट पाहता येतात.

तरीही आठ हजार शब्द चिठ्ठ्यांनी येणार नाहीत. त्यासाठी वाचनच लागते. एक शब्द आपला व्हायला तो निरनिराळ्या वाक्यांत दहा-बारा वेळा तरी भेटावा लागतो. आज राजकारण, उद्या चित्रपट, परवा शेअर बाजार असे वाचले तर शब्दांची पुन्हा गाठ पडतच नाही. त्याऐवजी आधीच मराठीतून नीट माहीत असलेला एकच विषय धरावा. ज्याला क्रिकेट कळते, त्याने एखाद्या कसोटीचे पाचही दिवसांचे वृत्तांत एकाच इंग्रजी वर्तमानपत्रातून वाचावेत. पहिल्या दिवशी ‘कोलॅप्स’ अडतो, दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या संघाच्या डावात भेटतो. ‘रेझिलिअन्स’, ‘ट्रेल’, ‘रिकव्हर’, ‘डिक्लेअर’ हे पुन्हा पुन्हा येत राहतात. सामना डोळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून अर्थ ताडताना चूक होत नाही. परिचारिकेने तिच्या कामातल्या औषधांची माहितीपत्रके वाचावीत, द्राक्षबागाईतदाराने निर्यातीचे नियम वाचावेत. या क्षेत्रांतून बाहेर पडताना ‘रिकव्हर’ रुग्णाबरोबर जातो, थकलेल्या कर्जाबरोबर जातो आणि पडलेल्या बाजाराबरोबरही.